चौथ्या बॉडीचा लेप

हिंगोली
१८ एप्रिल १९९९

अहो,

मनीऑर्डर मिळाली. पोस्टमनने सही घेतली आणि खालची चिठ्ठी फाडून हातात दिली. तिथे निरोपासाठी जागा असते. तुम्ही ती कोरी ठेवलीत. मी उलटून पाहिली, मागेही काही नव्हतं.

क्वार्टर सोडलं. कारखान्याने मुदत दिली होती, पण मीच आधी निघाले. सामान भुजंगने ट्रॅक्टरमध्ये भरून दिलं. तुमच्या हाताखाली काम केलेल्या एवढ्या लोकांत तो एकटा आला. कॉलनीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. ज्यांच्याकडे रोज वाटीभर साखर, दही मागायचं त्याच बायका. कुणी हाक मारली नाही, मीही मान वर केली नाही. राजनंदिनी मात्र सगळ्यांना टाटा करत होती.

आता माहेरी आहे. प्रमोददादाने बसस्टँडजवळ एसटीडी बूथ टाकलाय. दुपारी तो जेवायला गेला की मी बसते. लोक पुण्याला, मुंबईला, कुठे कुठे बोलतात, मी मीटरकडे बघत राहते. फोन हाताशी असून पत्र काहून लिहिते, असं तुम्हाला वाटेल. मागच्या आठवड्यात तुमच्या अंकलेश्वरच्या कंपनीत फोन लावला होता. कुणीतरी तुम्हाला बोलावून आणलं. तुम्ही दोनदा हॅलो म्हणालात आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. तो फोन माझा होता.

राजनंदिनी विचारते, पप्पा काहून गेले? मी सांगते, मोठा कारखाना मिळाला. डोंगरकड्याला तुमच्या आईंनाही तेच सांगितलंय, की तिकडे पगार जास्त आहे. त्यांनी शेजारणींना पेढे वाटले म्हणे.

तुम्ही रागावलात ते मी विचारलं म्हणून. एवढं सांगा, घरच्या माणसाने विचारू नये का? बाहेर सगळा फाटा बोलत होता. मी एक साधी गोष्ट विचारली. तुम्ही साधं उत्तर दिलं असतं तर हे एवढं झालंच नसतं.

तब्येतीला जपा.

अंजली


हिंगोली
९ जून १९९९

अहो,

पत्त्यात आता जिल्हा हिंगोली लिहा. परभणी लिहिलं तरी येतं, पण पोस्टमन कुरकुरतो. हे तुम्ही लिहिणार असाल तर.

मागच्या पत्रात मी "साधी गोष्ट" असं लिहिलं. ते शब्द टाकल्यापासून मला टोचून राहिलेत. साधी नव्हती ती.

तुम्ही मला कधी अडाणी समजला नाहीत. क्वार्टरमधला पाणी तापवायचा बंब उघडून तुम्ही आतला पांढरा थर दाखवला होता. बोअरचं पाणी जड, म्हणून खर बसते. "ही खर म्हंजी बंबानं आतून पांघरलेली गोधडी. जाळ कितीबी घाल, ऊब पाण्यापरेंत जात न्हाई," असं म्हणाला होता. मग कारखान्याचं सांगितलं होतं. उसाचा रस आटवायच्या चार मोठ्या टाक्या, तुम्ही त्यांना बॉडी म्हणता. वाफ नळ्यांच्या बाहेरून आणि रस आतून. चौथ्या बॉडीत रस सगळ्यात घट्ट, म्हणून तिच्या नळ्यांना सगळ्यात जास्त खर. ती काढायला गाळप थांबवायचं, कॉस्टिक सोडा उकळायचा, माणसं आत उतरवून ब्रश मारायचे. तेवढ्या वेळात उसाच्या बैलगाड्या फाट्यापर्यंत लागतात, ऊस वाळतो, वजन घटतं, तोडणीवाले बसून राहतात.

त्यावर तुम्ही उपाय आणला. नळ्यांना आतून गुळगुळीत लेप द्यायचा, खर चिकटणारच नाही. तेव्हा मीच विचारलं होतं, लेप म्हणजे पण एक थरच ना? तो उष्णता अडवणार नाही? तुम्ही किती खूश झाला होता! "अडवतोच की. पण तो कायम तेवढाच राहते, खर रोज वाढते. सारा हिशोब त्यातच हाय." लेप महाग, म्हणून एकाच बॉडीला देऊन बघू, असं तुम्ही संचालकांना लिहून दिलं. आणि तुमचा स्वभाव असा की खालीच लिहिलंत, पहिल्या हंगामात तोटा दिसेल, लेप तीन हंगाम टिकला तरच पैसे वसूल.

त्यांनी फक्त तोटा हा शब्द लक्षात ठेवला. डिसेंबरात एका ओळीतल्या नळ्यांचा लेप सुटला आणि झालं. चहाच्या टपरीवर तुम्ही "रंगारी साहेब" झाला. नळ्यांना रंग लावायला लाखांचं बिल! मग कुणाला तरी आठवलं की लेपाची ऑर्डर गेली त्याच महिन्यात साहेबांच्या बहिणीचं लग्न झालं. शीतलताईंच्या लग्नात मांडव केवढा, पंगती किती, हे सगळं निघालं. लेपाच्या कंपनीने कमिशन दिलं असणार, असं लोक म्हणू लागले आणि संचालकांनी चौकशी लावली.

आणि मी जेवताना विचारलं, "लग्नाचे पैसे कुठून आणले? तुमी काही घेतलं तर न्हाई ना?"

तुम्ही हातातली भाकरी ताटात ठेवलीत. "तुला काय वाटते?" एवढंच म्हणालात.

मी उत्तर दिलं नाही. वरण वाढत राहिले. तुमची वाटी भरलेली होती, तरी वाढत राहिले. तुम्ही गेलात ते माझ्या प्रश्नामुळे नाही, त्या गप्प बसण्यामुळे. हे मला तेव्हाही कळत होतं. मागच्या पत्रात लिहायची लाज वाटली.

चौकशीत माझं नाव घेतलं गेलं असं भुजंग म्हणत होता. ते कसं काय, मला काही ठाऊक नाही.

राजनंदिनीला पहिलीत घातलंय. बाईंनी वडिलांचं नाव विचारलं तर तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की वर्ग हसला.

अंजली


हिंगोली
२० जानेवारी २०००

अहो,

मनीऑर्डरी वेळेवर येतात. चिठ्ठ्या कोऱ्याच.

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या रूपाबाईंनी बोलावलं होतं. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. डोकं दुखतंय असं सांगितलं. डोकं दुखत नव्हतं. मला हळदीकुंकवाला बसायची लाज वाटते, आणि का वाटते ते तुम्हाला सांगितल्याशिवाय आता जेवण जात नाही.

जूनच्या पत्रात मी खोटं लिहिलं. माझं नाव चौकशीत कसं आलं ते मला पक्कं ठाऊक आहे.

मागच्या वर्षीच्या संक्रांतीला मी किशनरावांच्या घरी गेले होते. संचालकांचं घर, कॉलनीतल्या सगळ्या बायका होत्या. त्यांच्या बायकोने, मिराबाईंनी, मला आपल्याजवळ बसवलं, तिळगूळ दिला आणि हसत हसत म्हणाल्या, "काय म्हंता अंजलीबाई, नंदेचं लग्न तर दणक्यात केलं! साहेबांचा हात लई मोठा हाय बाई."

मला त्या लग्नाचा राग होताच. तुम्ही सगळं परस्पर ठरवलं होतं. मी शिलाई मशीन मागितलं तर "पुढं बघू" म्हणाला होता, आणि लग्नात मात्र काही कमी पडलं नाही. मला कुणी काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. तो राग त्या दिवशी माझ्या तोंडात आला. मी म्हणाले, "आमाला कोण सांगते वो? पैसा कुठून येते, कुठं जाते, साहेबालाच ठाऊक!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं सांगू? त्या हसल्या तेव्हा मला बरं वाटलं.

पुढे चौकशीला किशनरावांनी तेच वाक्य सगळ्यांसमोर तुमच्या तोंडावर फेकलं. "तुमच्या घरच्यांलाच ठाऊक न्हाई पैसा कुठून आला, मंग आमी काय समजावं?" हे मला भुजंगने सांगितलं, तेव्हा तुम्ही निघून गेला होता. आणि मी तुम्हाला जेवताना विचारलं तो दिवस त्याच चौकशीचा. तुम्ही ते ऐकून घरी आला होता, हातपाय धुऊन ताटावर बसला होता, आणि वर मी विचारलं.

ते वाक्य कुठून आलं हे तुम्हाला त्याच वेळी कळलं असणार. तुम्ही एका शब्दाने मला बोलला नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते.

माफी मागायला हे लिहीत नाही. कुठल्या तोंडाने मागू? तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट मी स्वतःच्या हाताने लिहून द्यावी, एवढ्यासाठीच लिहिलं.

अंजली


हिंगोली
१४ एप्रिल २००१

अहो,

आज गावात सगळीकडे निळे झेंडे लागलेत, बँडचा आवाज इथपर्यंत येतोय. मला मात्र कधी एकदा लिहायला बसते असं झालं होतं. वर्षभर काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे!

सकाळी भुजंग बूथवर आला होता. गाळप हंगाम संपला. तुमचा लेप टिकला. तिसऱ्या हंगामातही टिकला! तो सांगत होता, "वैनी, चौथी बॉडी उघडली तं नळ्या नुसत्या पाण्यानं धुवून निघाल्या. कॉस्टिक निम्म्यावर आलं. माणूस आत उतरवायची तकलीफच राहिली न्हाई." पहिल्या वर्षी जी ओळ सुटली होती तेवढीच. लेप द्यायच्या आधी त्या नळ्या नीट घासल्या नव्हत्या, म्हणून ती सुटली. पुढे एकही नळी सुटली नाही. सफाईसाठी गाळप कमी वेळा थांबलं, वाफ कमी लागली, जळण उरलं आणि तो उरलेला उसाचा चोथा कारखान्याने कागद गिरणीला विकला. तुम्ही लिहून दिलं होतं बराबर तसंच, पैसे तिसऱ्या हंगामात वसूल.

आता तिसऱ्या बॉडीलाही लेप द्यायचा ठराव झालाय. सभेत किशनरावांनी भाषण केलं, की हा प्रयोग करायची हिंमत आमच्या संचालक मंडळाने दाखवली. तुमचं नाव कुणी घेतलं नाही. भुजंगच्या डोळ्यांत पाणी आलं होतं सांगताना.

मला काय वाटलं ते सांगू? छातीवरचा दगड उतरला. आता कुणाची माय व्याली आहे तुम्हाला चोर म्हणायची! तुमचं काम खरं ठरलं. माझी आता पुरती खात्री पटली की तुम्ही काही घेतलं नव्हतं. परत या. कारखान्यात नका जाऊ, पण घरी या.

राजनंदिनी आता तिसरीत जाईल, ती तुम्हाला वेगळं पत्र लिहिणार आहे.

तुमची अंजली


हिंगोली
२९ एप्रिल २००१

अहो,

तुमचं कार्ड आलं. मनीऑर्डरवरचा नावपत्ता सोडला तर दोन वर्षांत पहिल्यांदा तुमचं अक्षर पाहिलं. दारातच वाचलं, मग आत जाऊन परत वाचलं.

"लेप टिकला म्हणून मी चोर नाही, असं तू लिहितेस. गळून पडला असता तर? राजनंदिनीला आशीर्वाद."

एवढंच.

आधी मला राग आला. एवढ्या आनंदाने लिहिलं होतं मी. मग बूथवर बसून विचार केला. लेप चांगला निघाला आणि कमिशनही घेतलं, असं होऊ शकतं. लेप वाईट निघाला आणि माणूस स्वच्छ, असंही होऊ शकतं. लेपाचा आणि तुमच्या इमानाचा संबंधच काय? मी मात्र तीन हंगाम वाट बघत बसले. त्या नळ्या धुवून निघाल्या तेव्हा कुठे मी तुम्हाला धुतलं. संचालकांना तरी पैसा वसूल होण्याची वाट बघणं भाग होतं. मी कशाची वसुली बघत होते?

तुम्ही विचारलं होतं, तुला काय वाटते. कारखान्याचं तुम्ही काहीच विचारलं नव्हतं. ते फक्त मी सांगण्यासारखं होतं आणि ते सांगायला मी भुजंगची वाट पाहिली.

आरशात बघवत नाही.

अंजली


हिंगोली
८ मे २००१

अहो,

हे पत्र हळू वाचा. बरंच झालंय आणि जसं झालं त्याच क्रमाने सांगते.

मागचं पत्र टाकलं त्यानंतर चार-सहा दिवसांनी मी ठरवलं की तुमच्याकडे यायचं. तुम्ही बोलवा न बोलवा. भुजंगचं नको, लेपाचं नको, कुणाचं काही नको. मला वाटतं तुम्ही घेतलं नाही. एवढंच येऊन तोंडावर सांगायचं, आणि तुम्ही हाकललंत तर परत फिरायचं. हे मी कुणाशी बोलले नाही. दादाला म्हणाले, दोन दिवस डोंगरकड्याला जाऊन येते, आईंना भेटते. निघण्याआधी त्यांना खरं सांगणं भाग होतं. दोन वर्षं त्या पगाराचे पेढे वाटून राहिल्या होत्या.

परवा सकाळी गेले. आई अंगणात शेणाचा सडा टाकत होत्या. मी म्हणाले, आई, ते पगारासाठी गेले नाहीत. त्यांच्यावर आळ आला म्हणून गेले. त्यांना आधी कळेचना. "आळ? कसला आळ?" मी सगळं सांगितलं. रंगारी साहेब, कमिशन, लग्न, चौकशी, आणि माझं ते हळदीकुंकवातलं बोलणं. तेही सोडलं नाही.

आईंच्या हातातली बादली तशीच राहिली. मग म्हणाल्या, "लग्नाचा पैसा व्हय? तो तं माह्या शेरडाचा व्हता."

मला तर त्यांनीच सांगितलं होतं की सगळी शेळ्या-शेरडं शिरड शहापूरला मामांकडे अर्धलीने, निम्म्या वाट्यावर, सांभाळायला दिलीत. दिली नव्हती. सगळी विकली होती, करडा-बोकडांसकट.

"मालक गेल्यावर त्याच शेरडावर दोघं लेकरं वाढवली म्या," त्या सांगत होत्या. "पण साहेबाच्या मायनं शेरडं इकून पोरीचं लगीन केलं, असं शीतलच्या सासरी कळालं असतं तं त्याची काय इज्जत राह्यली असती? म्हनून म्या माही आन घातली त्याला. म्हनलं, बायकोलाबी सांगशील तं माहं मेलेलं तोंड पाहाशील."

म्हणजे त्या तुमची इज्जत झाकत होत्या आणि तुम्ही त्यांची. आणि ती उघडी पाडली मी.

आई उठल्या, पायात चपला घातल्या, पदर खोचला. "चल," म्हणाल्या.

"कुठं?"

"त्या किशनरावाच्या घरी. आनखी कुठं?"

मी म्हणाले, आई, दोन वर्षं झाली. त्यांनी ऐकलं नाही. फाट्यापर्यंत जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेलो, पुढे कॉलनीत पायी. तीच घरं, तेच ओटे. मिराबाईंनी आम्हाला पाहून आत बसवलं, चहा टाकते म्हणाल्या.

"चहा नगं," आई उभ्याच राहिल्या. "किशनरावाला बलवा."

किशनराव बनियनवर शर्ट चढवत बाहेर आले. दिवाणखान्यात आणखी दोघं-तिघं बसले होते. आईंनी त्या सगळ्यांसमोर सांगितलं, "माह्या पोरीचं लगीन माह्या शेरडाच्या पैशानं झालं. कुनाला इकली त्याची नावं सांगते, जाऊन इचारा. माहा दत्ता तुमच्या कारखान्याचा पैसा खाऊन न्हाई गेला."

मला कळलं की आता माझी पाळी आहे. मी मिराबाईंकडे पाहून म्हणाले, "त्या संक्रांतीला मी जे बोलले ते रागानं बोलले. मला काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसताना बोलले. त्यांच्या चौकशीत ते वापरलं. चूक माही हाय."

मिराबाईंनी खाली पाहिलं. किशनराव म्हणाले, "जाऊ द्या वैनी, आता जुनी गोष्ट झाली. लेप तं चांगलाच निघाला ना? आमी कुठं काही म्हनलं?"

बस. एवढंच. चूक झाली असं कुणी म्हणालं नाही. येताना आई फाट्यावर रसवंतीच्या बाकावर बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. "म्या त्याचं तोंड बांधलं ना गं," एवढंच म्हणत होत्या. त्यांनी तुमची आन सोडवली आहे. तुम्हाला कळवायला सांगितलंय.

आता माझं.

मी तुमच्याकडे यायचं शेरडांचं कळायच्या आधी ठरवलं होतं. पण तुम्ही हे का मानावं? लेप टिकला तेव्हा मी पालटले, तशीच आता शेरडांमुळे पालटले असं तुम्हाला वाटेल. मला कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याजवळ काही नाही. तिकीट काढलेलं नव्हतं. दादाला सांगितलेलं नव्हतं. काल रात्रभर हेच डोक्यात फिरत होतं. या पत्रावर मागच्या शनिवारची तारीख घातली असती आणि आईंकडचं सगळं पुढच्या पत्रात लिहिलं असतं, तर तुम्हाला कधी कळलं नसतं. पोस्टाचा शिक्का नाही तरी कुणाला वाचता येतो? मी एक कागद तसा लिहिलाही. मग फाडला.

वर तारीख घातली आहे ती आजची आहे.

राजनंदिनीला घेऊन येत्या रविवारी निघते. अकोल्याला गाडी बदलून सुरत आणि तिथून अंकलेश्वर, असं दादाने लिहून दिलंय. सोमवारी पोहोचू. तुमची ड्यूटी असली तर स्टेशनवर येऊ नका. ड्यूटी नसली आणि यावंसं वाटलं नाही, तरी येऊ नका. पत्ता माझ्याजवळ आहे, विचारत विचारत येईन. तुम्ही दार उघडून विचारा, तुला काय वाटते. या वेळी मी उत्तर देईन. ते खरं मानायचं की नाही, हे तुमच्यावर आहे, आणि तुम्ही मानलं नाहीत तर मला काही बोलायला तोंड नाही.

अंजली